ट्रंकेतली वारी : दिंडीचे जुने फोटो आणि त्यांनी सांगितलेला इतिहास



दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा असे ठरले, तेव्हा सगळ्यांनी आधी वह्या काढल्या. भिशीची वही, वर्गणीची वही, सामानाची यादी, कीर्तनाच्या पाळ्यांचे कागद. वह्यांतून पुष्कळ कळाले. धान्य किती लागले, तंबू कधी घेतला, बैलगाड्या कधी सुटल्या आणि ट्रक भाड्याने कधी लागला, हे सगळे त्यांत आहे. पण वही पडली हिशेबाची. पैसे कुणी भरले ते तिला ठाऊक. टाळ कुणी धरला, पाणी कुणी आणले, पहाटे चुलीपाशी कोण बसले होते, हे तिला कुणी सांगितलेच नाही.

ही माणसे सापडली ती फोटोंत. आणि फोटो दिंडीच्या दप्तरात नव्हतेच. ते घराघरांत होते. पत्र्याच्या ट्रंकेत, गादीखाली, देवघराच्या भिंतीवर, लग्नाच्या अल्बममध्ये मागच्या पानांवर. ते गोळा करून, थोड्या दिवसांत संगणकावर उतरवून, ज्याचे त्याला परत करण्याचे काम शताब्दीच्या निमित्ताने झाले. ते कसे केले आणि त्यातून दिंडीच्या इतिहासात काय भर पडली, ते वाचक माउलींपुढे मांडतो.

वारीच्या वाटेवर कॅमेरा

वारी फोटोपेक्षा फार जुनी. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली देहूहून पालखी सुरू केली. माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लावून दिली. फोटोची विद्या जगापुढे आली १८३९ साली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण अशी आपली माणसे त्या काळातच या कलेत नावाजली.

तरी दिंडीच्या वाटेवर कॅमेरा यायला पुष्कळ वेळ गेला, आणि त्याला कारण होते. त्या वेळी काचेवर ओले रसायन लावायचे, ते वाळायच्या आत फोटो काढायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचा. समोरच्याने काही सेकंद हलायचे नाही. नाचत्या टाळकऱ्याचा फोटो अशाने कसा निघणार? पुढे तयार काचा आणि फिल्म आली, तरी सामान महाग आणि परदेशी. त्यामुळे आपल्या संग्रहातले सर्वांत जुने फोटो चालण्याचे नाहीतच, ते बसण्याचे आहेत. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, स्टुडिओत काढलेले. विणेकरी खुर्चीवर ताठ बसलेत, मागे रंगवलेला पडदा, पायाशी कुंडी. चेहऱ्यावर वारीतला आनंद नाही. श्वास रोखून बसल्यासारखे दिसतात, आणि ते बसलेही तसेच असणार.

मग आले १२० नंबरच्या फिल्मचे साधे कॅमेरे. आग्फाचा ‘क्लिक थ्री’ अनेकांना आठवेल. चौकोनी फोटो, एका रोलात बारा. बारा फोटोंत अख्खी वारी बसवायची म्हटल्यावर एकही वाया घालवून चालत नसे. म्हणून या काळातले सगळ्यांचे फोटो जवळपास त्याच ठिकाणचे निघाले : आळंदीचे प्रस्थान, दिवे घाट, नीरा स्नान, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण, वाखरी. कुणी जेवताना फोटो काढलेला नाही, कुणी झोपलेल्याचा काढलेला नाही. एका घरातल्या फोटोंच्या पाठीवर ‘इंदू’ असा छाप मिळाला. उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखान्याचा हा कागद. ती कंपनी १९६० साली स्थापन झाली, म्हणजे तो छाप असलेला फोटो त्याआधीचा असू शकत नाही. पाठीवरच्या एका शब्दाने आमचा असा एक वाद मिटला.

त्यानंतर रंगीत फिल्म स्वस्त झाली. छत्तीस फोटोंचा रोल, ‘हॉट शॉट’सारखे हातात मावणारे कॅमेरे, गावोगावी कलर लॅब. हात सैल झाला आणि वारीचे घरगुती रूप फोटोत येऊ लागले. पायाला फोड आलेला म्हातारा, भाकऱ्या थापणाऱ्या बायका, पावसात पडलेला तंबू, ट्रकखाली झोपलेली पोरे. इतिहास लिहिणाऱ्याला हेच फोटो जास्त कामाचे. पुढे मोबाईल आला आणि कागदावरचे फोटो हळूहळू थांबले. म्हणजे ट्रंकेतली वारी तिथे संपते.

घाई कशासाठी

२०२० आणि २०२१ साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरीला गेल्या. आपण सगळे घरात. तेव्हा लोकांनी अल्बम काढले आणि दिंडीच्या ग्रुपवर जुने फोटो टाकायला सुरुवात केली. रोज सकाळी दहा-वीस फोटो. डोळ्यांत पाणी यायचे. पण व्हॉट्सॲपवर साधा टाकलेला फोटो लहान होऊन जातो, त्याच्यासोबतची माहितीही गळते. मोठा करून बघायला गेलो तर चेहऱ्याच्या जागी ठिपके. कुणी टाकला, मूळ कुणाकडे, समोर कोण, हे सगळे शे-दोनशे ‘रामकृष्णहरी’च्या खाली गाडले गेले. आपल्याकडे धन किती आहे हे त्या दोन वर्षांत कळले, आणि ते कसे जपू नये हेही.

दुसरे कारण कागदाचे. काळापांढरा फोटो नीट धुतलेला असेल तर टिकतो, कारण त्यातले चित्र चांदीचे असते. रंगीत फोटोचे तसे नाही. त्यात तीन रंगद्रव्ये असतात आणि ती अंधारातही विटतात. जुन्या कागदात निळसर-हिरवट रंग आधी उडतो, म्हणून सत्तर-ऐंशी सालचे फोटो लालसर दिसतात. त्यात पारदर्शक पान उचलून फोटो चिकटवायचे ते अल्बम. त्यांचा डिंक फोटोला धरून बसतो. आणि पाणी तर कुणाचेच नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पुण्यातल्या किती घरांचे अल्बम गेले असतील! ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे पुन्हा तेच.

तिसरे कारण सर्वांत मोठे. फोटोतले चेहरे ओळखणारी माणसे आता मोजकी आहेत आणि वयाने थकलेली आहेत. फोटो आणखी दहा वर्षे लाल होत राहील, चालेल. ओळखणारे डोळे एकदा मिटले की तो फोटो अनोळखी माणसांचा होतो.

काम उरकले कसे

घरातला फोटो मागायला गेले की पहिला प्रश्न एकच : “परत कधी देणार?” भिंतीवरचा फोटो काढला की भिंतीवर पांढरा चौकोन राहतो, तो घरच्या आजीला बघवत नाही. म्हणून नियम केला की घेतलेले फोटो आठ दिवसांत परत. पावतीपुस्तक ठेवले. प्रत्येक घराला एक क्रमांक, प्रत्येक घराचे पाकीट वेगळे, फोटोच्या पाठीवर कडेला मऊ पेन्सिलने घराचा आणि फोटोचा क्रमांक. बॉलपेन नाही, कारण त्याचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते.

मग फोटोंचे तीन ढीग. घाईच्या कामातली खरी बचत इथेच झाली.

पहिला ढीग सुट्या, सपाट रंगीत फोटोंचा. सगळ्यांत मोठा तोच होता. त्यासाठी फोटो ओढून घेणारा स्कॅनर आणला. तीसेक फोटोंचा गठ्ठा लावायचा, यंत्र सेकंदाला जवळपास एक फोटो घेते आणि दोन्ही बाजू टिपते. पाठीवरचा मजकूर आपोआप आला, हा मोठा फायदा. पण आपल्या फोटोंना बुक्का, गंध, हळदकुंकू लागलेले. बुक्क्याचा एक कण काचेवर बसला की पुढच्या प्रत्येक फोटोवर उभी रेघ. म्हणून एकाने मऊ ब्रशने फोटो झाडायचा, दुसऱ्याने यंत्रात घालायचा, तिसऱ्याने पडद्यावर बघायचे आणि दर गठ्ठ्यानंतर काच पुसायची. यंत्र झपाट्याने चालते, वेळ जातो तो झाडण्यात आणि लावण्यात.

दुसरा ढीग जुन्या काळ्यापांढऱ्या, पुठ्ठ्याच्या, वाकलेल्या किंवा फाटक्या फोटोंचा. हे ओढणाऱ्या यंत्रात कधीच घालायचे नाहीत. त्यांना काचेचा सपाट स्कॅनर. तिथेही एकेक फोटो ठेवत बसायचे नाही. ए-फोर काचेवर साडेतीन बाय पाचचे चार आणि चार बाय सहाचे तीन फोटो एकदम बसतात. मध्ये बोटभर जागा सोडली की संगणक ते वेगवेगळे करून देतो.

तिसरा ढीग म्हणजे जो ढिगात येतच नाही तो. काचेच्या चौकटीतले फोटो, डिंकाने धरलेले अल्बम, देवघरातले दिवंगतांचे फोटो. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढला तर चेहरा काचेवर राहतो, म्हणून तो काचेसकट घ्यायचा. देवघरातला फोटो तर घरातून हलवायचाच नाही. आपली पोरे कॅमेरा आणि स्टँड घेऊन घरोघरी गेली. फोटो जमिनीवर काळ्या कापडावर ठेवायचा, कॅमेरा बरोबर वर, दोन्ही अंगांनी तिरका प्रकाश, म्हणजे काचेत दिवा चमकत नाही. हार उतरवण्याआधी घरच्यांची परवानगी, आणि काम झाल्यावर हार पुन्हा त्यांच्याच हातून.

किती बारीक स्कॅन करायचा यावर बरीच चर्चा झाली. तीनशे डीपीआयला काम लवकर होते. पण दिंडीचे फोटो बहुतेक घोळक्याचे. चार बाय सहाच्या फोटोत पन्नास माणसे उभी असली तर एक चेहरा जेमतेम पाच मिलिमीटरचा. तीनशेला त्या चेहऱ्यावर साठेक ठिपके येतात, सहाशेला एकशेवीस. साठ ठिपक्यांत माणूस दिसतो, एकशेवीसमध्ये तो ओळखू येतो. म्हणून घोळक्याचे सगळे फोटो सहाशेला, आणि १२० फिल्मचे ते इवलेसे चौकोनी फोटो बाराशेला. पूर्ण दर्जाच्या ‘टिफ’ स्वरूपात सहाशेचा एक फोटो साधारण २६ एमबी होतो. हजार फोटो ठेवले तरी २६ जीबी. आजच्या हिशेबाने ही जागा काहीच नाही.

फोटो वाचायचा कसा

स्कॅन झालेल्या फाईलवर तारीख पडते ती स्कॅनची. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीची वारी संगणकाच्या लेखी काल झालेली. खरे साल शोधावे लागते.

नव्वदच्या दशकातल्या फोटोंच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख असते. ती डोळे झाकून घ्यायची नाही. एका फोटोत वाखरीचे रिंगण आणि तारीख फेब्रुवारीची. आषाढी एकादशी जूनअखेर ते जुलैअखेर या दिवसांतच येते, तेव्हा कॅमेऱ्याची तारीख कुणी लावलीच नव्हती हे उघड. उलट तारीख बरोबर असेल तर पंचांग उघडायचे. आपला सोहळा तिथीने चालतो. कोणत्या तिथीला मुक्काम कुठे हे ठरलेले, त्यामुळे तारखेवरून गाव निघते आणि गावावरून तारीख तपासता येते. ही सोय लग्नाच्या फोटोंना नाही, वारीच्या फोटोंना आहे.

ट्रकची नंबरप्लेट ही दुसरी खूण. एमएच आणि पुढे जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ च्या सुमारास आली. पुण्याचा एमएच-१२ दिसला की फोटो त्यानंतरचा. झाडेही बोलतात. पालखी मार्गाच्या रुंदीकरणाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्ये पंढरपुरात बसली आणि त्या कामात वाटेवरची जुनी झाडे गेली. ज्या वडाखाली आपली न्याहारी व्हायची तो आता फोटोतच आहे. नव्या रस्त्यावर उभे राहून नातवाला ती जागा दाखवायची तर हाच पुरावा.

पण खरे वाचन माणसांनी केले. फोटो मोठ्या पडद्यावर लावले आणि जुन्या माळकऱ्यांना बोलावून बसवले. दुपारचा चहा, पंखा, आणि एकेक फोटो. बोलणे मोबाईलवर रेकॉर्ड केले. कुणी टाळ धरायच्या लकबीवरून ओळखे, कुणी पागोट्याच्या पेचावरून. एका चेहऱ्यावर दोघा वृद्धांची दोन नावे पडली आणि दोघेही हटेनात. आम्ही दोन्ही नावे लिहिली, कुणी कोणते सांगितले तेही लिहिले. निकाल द्यायची घाई केली नाही. पुढे आणखी फोटो मिळेल, तो निकाल देईल.

स्कॅनिंग दिवसांत उरकले. नावे लिहायला महिने लागले, अजून चालू आहे. दोन्ही कामे एकदम करायला बसलो असतो तर फोटो आठ दिवसांत परत गेले नसते आणि दुसऱ्या घरचा फोटो मिळाला नसता. आधी सगळे भराभर उतरवून घ्यायचे आणि मग सावकाश वाचायचे, या क्रमामुळे हे काम तडीला गेले.

वहीत नसलेली माउली

निरनिराळ्या घरांतून आलेले फोटो सालाने लावल्यावर एक बाई पुन्हा पुन्हा दिसू लागली. कधी फोटोच्या कडेला, कधी अर्धी कापलेली, कधी पाठमोरी. डोक्यावर हंडा किंवा हातात कळशी. काळ्यापांढऱ्या फोटोत तरुण आहे, रंगीत फोटोंत केस पांढरे. एकाही फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, कारण एकही फोटो तिचा काढलेला नाही. वर्गणीच्या वहीत तिचे नाव नाही. घरची वर्गणी आधी नवऱ्याच्या आणि मग मुलाच्या नावावर.

पडद्यासमोर बसलेल्या एका आजींनी तिला पाठीवरून ओळखले. “अगं बाई, ही तर आपली पाण्याची! हिच्या हंड्याला पोचा होता बघा डाव्या अंगाला.” फोटो मोठा केला. पोचा होता. टँकर नव्हते तेव्हा मुक्कामाला पोचल्यावर सगळे टेकायचे आणि ही विहीर शोधायला जायची, असे आजींनी सांगितले. तिचे नाव आता या ग्रंथातल्या सेवेकऱ्यांच्या यादीत विणेकरी, चोपदार, मृदंगवादक यांच्याबरोबर छापले आहे. सहाशे डीपीआयचा आग्रह कशासाठी, असे कुणी विचारले तर मी त्या पोचाकडे बोट दाखवीन.

पंगतीचा फोटो

दुसरी गोष्ट बोलायला अवघड, पण इतिहास म्हटल्यावर बोलायलाच हवी. जुन्या फोटोंपैकी एका फोटोत जेवणाच्या दोन पंगती दिसतात, मध्ये बरीच जागा. नंतरच्या काळातल्या फोटोंत पंगत एकच आहे. हा बदल कोणत्या साली झाला, कुणी पुढाकार घेतला, याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

दिंडीतल्या वेगळ्या पंगतींबद्दल इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात लिहून ठेवले आहे. एकत्र चालायचे, एकत्र भजन म्हणायचे आणि जेवायला वेगळे बसायचे, हे त्यांना खुपले होते. तेव्हा ही गोष्ट एकट्या आपल्या दिंडीची नव्हे. तरी तो फोटो छापू नये, निदान कडेची पंगत कापून छापावा, असे काहींचे म्हणणे पडले. बैठकीत एक ज्येष्ठ टाळकरी उठून म्हणाले, “माझा बाप त्या दुसऱ्या पंगतीत बसलाय. कापायचा कुणाला?” त्यावर कुणी काही बोलले नाही. फोटो या ग्रंथात पूर्ण छापला आहे, आणि एका पंगतीचा फोटो त्याच्या शेजारी.

याच कारणाने आम्ही मूळ स्कॅनला हात लावला नाही. आजकाल जुना धूसर चेहरा स्पष्ट करून देणारी, काळापांढरा फोटो रंगवून देणारी साधने मोबाईलवर मिळतात. फोटो सुंदर होतो. पण ते साधन नसलेले डोळे-नाक आपल्या मनाने भरते, आणि पताकेचा रंगही अंदाजाने देते. घरात लावायला तसा फोटो करून घ्यावा, हरकत नाही. दप्तरात मात्र डाग, सुरकुती, फाटका कोपरा यांसह जसा आहे तसाच राहील.

आता पुढे

सगळ्या फाईलींच्या तीन प्रती केल्या आहेत. एक दिंडीच्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसऱ्या गावात, एक इंटरनेटवरच्या साठ्यात. पूर आला तरी तिन्ही एकदम जाणार नाहीत. मूळ फोटो ज्याच्या त्याच्या घरी गेले आहेत आणि तिथेच राहावेत, कारण स्कॅन झाला म्हणजे मूळ टाकून द्यायचा असे नाही.

ज्या घरांपर्यंत पोचता आले नाही त्यांना विनंती. घरात दिंडीचा एकही फोटो असेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ घेऊन बसा. आहेत तेवढी नावे विचारा आणि पाठीवर पेन्सिलने लिहा. फोटो दमट भिंतीवर असेल तर दुसऱ्या भिंतीला लावा. भिजला असेल तर एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका, स्वच्छ पाण्यातून काढून सुटा सावलीत वाळवा. मोबाईलने फोटो काढून पाठवणार असाल तर ग्रुपवर साधा टाकू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो लहान होत नाही. आणि आत्ताचे फोटोही मोबाईलातच ठेवू नका. दर वारीचे निवडक पंचवीस-तीस फोटो छापून, मागे नावे लिहून दिंडीच्या दप्तरात द्या.

यंदा प्रस्थानाआधी तंबूत एक फळा लावणार आहोत. अजून न ओळखलेल्या चेहऱ्यांचे फोटो त्यावर मोठे करून डकवलेले असतील, खाली दोरीला पेन्सिल बांधलेली असेल. येता-जाता बघावे. आपला आजा, आपली पणजी, शेजारच्या घरातला कुणी त्यात उभा असेल. नाव आठवले तर लिहावे, अंदाज असेल तर तोही लिहावा, पुढे प्रश्नचिन्ह टाकावे.

रामकृष्णहरी!